शेऱ्याचा रकाना

मामींचा फोन आला तेव्हा लॅबमध्ये सकाळची गर्दी होती. उपाशीपोटी आलेली माणसं बाहेर खुर्च्यांवर चुळबुळ करत होती आणि मी फोन खांद्यात धरून ट्यूबवर बारकोड चिकटवत होते. मामींचा आवाज इतका खुश की मला वाटलं घरात कुणाचं तरी लग्न ठरलं. "अगं, मामांची शुगर नॉर्मल आली! उपाशी पंच्याण्णव! सकाळचं इन्सुलिन डॉक्टरांनी बंदच केलं, रात्रीचं पण निम्म्यावर आणलंय." वीसेक वर्षं शुगर सांभाळणाऱ्या माणसाच्या घरात ही बातमी काय असते ते मला माहितीय. गल्लीत कंदी पेढे वाटून झाले होते, मामांनी स्वतः अर्धा खाल्ला होता, आणि सगळं श्रेय शेजाऱ्यांनी आणून दिलेल्या कुठल्याशा पावडरीला गेलं होतं. तिचा दुसरा डबाही मागवलेला. मी "अरे वा" म्हटलं पण पुढं बोलायला सुचेना. कारण गेल्या महिन्यात मी त्यांना भेटले होते, जेवण तेच, चालणं उलट कमी झालेलं, मग एकाएकी इन्सुलिन कमी का लागायला लागलं?

"मामी, पायाला सूज आहे का त्यांच्या?" "आहे थोडी, चपलेचा वळ उठतो. उन्हाळा आहे ना." "आणि लघवीला फेस येतो का?" त्या थोडा वेळ गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "अगं तो तर कधीचा येतोय. आम्हाला वाटलं संडास धुवायच्या लिक्विडमुळं होतो, म्हणून मी ते बदललं पण."

दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही.

इन्सुलिनचं काम झालं की शरीर ते मोडून टाकतं, आणि त्यातला बराच वाटा किडनीचा असतो, खास करून सुईनं घेतलेल्या इन्सुलिनचा. किडनी थकली की तेच इन्सुलिन रक्तात जास्त वेळ राहतं, शुगरच्या काही गोळ्यांचंही तसंच होतं, वर भूक मेलेली असते, त्यामुळं आकडे आपोआप खाली यायला लागतात आणि घरच्यांना वाटतं आजार बरा झाला. हे मी लॅबमध्ये आधीही बघितलेलं. शुगर छान, एचबीएवनसी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी, तीही छान (रक्त कमी झालेलं असलं की तो आकडाही फसवतो), आणि त्याच कागदावर खाली क्रिएटिनिनच्या (किडनी थकली की रक्तात साठत जाणारा कचरा) पुढं ठळक अक्षरात भलताच आकडा. मामांचे रिपोर्ट दोन दिवसांत आले. क्रिएटिनिन ३.९, ईजीएफआर १६, हिमोग्लोबिन ९ च्या खाली, आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण, जे ३० च्या आत असायला हवं, ते २,००० च्या वर. ईजीएफआर म्हणजे ढोबळमानानं किडनीचं काम शंभरातलं किती उरलंय ते. सोळा. फोनवर मामींना हे कसं सांगायचं तेच कळेना, शेवटी रविवारची गाडी पकडून मी कराडला गेले.

मामा म्हणजे आमच्या घराण्यातलं शिस्तीचं दुसरं नाव. प्राथमिक शाळेत गुरुजी होते, रिटायर झाल्यावरही पहाटे पाचला उठणं, पेपर ओळ न ओळ वाचणं, आणि रात्री वही लिहिणं चुकलं नाही. ही वही शुगरची. मी गेले तेव्हा त्यांनी ती स्वतःच माझ्यासमोर ठेवली, जरा चिडल्यासारखे होते. "बघ. एक दिवस खाडा नाही. मग असं कसं झालं?" दोनशे पानी वही, खाकी कव्हर, लेबलवर वळणदार अक्षरात 'मधुमेह नोंदवही', खाली क्रमांक. आधीच्या वह्या कपाटात दोरीनं बांधून ठेवलेल्या. प्रत्येक पानावर लाल पेननं आखलेले चार रकाने, दिनांक, उपाशी, जेवल्यानंतर, शेरा. आकडे निळ्या शाईत. १४० च्या वर गेला की त्याखाली लाल रेघ, त्या रेघा पण फूटपट्टीनं मारलेल्या. खरोखर चांगले आकडे होते. मी गेली कित्येक वर्षं लोकांचे रिपोर्ट बघतेय, इतकी नीट शुगर सांभाळणारी माणसं फार थोडी असतात. त्या आकड्यांत किडनी बिघडायचं कारण मला सापडेना. मग मी शेवटचा रकाना वाचायला लागले.

"गुडघा. गोळी १. आराम." चार ओळी खाली परत "गुडघा. गोळी सकाळ-संध्याकाळ." पुढच्या पानावर "गुडघा, कंबर. मेडिकलमधून नवीन गोळी. उत्तम." मग ते 'उत्तम' महिनोन्‌महिने चालूच. मध्येच "बीपी १२६/८०. नॉर्मल. बीपीची गोळी थांबवली." काही पानांनी "जुलाब, उलट्या. सलाइन २." "डोळे तपासले. पडद्यावर ठिपके. शुगर सांभाळा म्हणाले." "लघवीला जळजळ. गोळ्या ५ दिवस." आणि दोन वह्या मागे एका कोपऱ्यात, बारीक अक्षरात, "क्रि. १.४. वयामुळे."

सगळं लिहून ठेवलेलं होतं, त्यांच्याच हातानं.

आपल्याकडं शुगर म्हणजे एक आकडा झालाय. सकाळी बोट टोचायचं आणि त्या आकड्यावर घराचा मूड ठरवायचा. शिबिरं लागतात ती पण तशीच, मंडपात टेबल, स्ट्रिप, आकडा, पुढचा. २०२३ मध्ये आयसीएमआरची मोठी पाहणी आली तेव्हा देशात १० कोटींच्या वर मधुमेही आहेत असं निघालं, आणि त्यातल्या कितीजणांची लघवी कुणी कधी तपासली असेल याचा विचार केला की मला कसंतरीच होतं. साखर महत्त्वाची नाही असं कोण म्हणेल, वर्षानुवर्षं वाढलेली शुगरच किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांची वाट लावते, ते तर आहेच. पण एकदा किडनीला धक्का बसला की पुढं ती किती भराभर उतरणार हे बऱ्याच अंशी दुसऱ्याच गोष्टी ठरवतात. बीपी. लघवीतून किती प्रोटीन जातंय ते. तंबाखू. मीठ. दुखण्याच्या गोळ्या. उलट्या-जुलाबात शरीर कोरडं पडणं. यातल्या एकाचाही मामांच्या वहीत स्वतःचा रकाना नव्हता. सगळे शेऱ्यात, आणि जे शेऱ्यातही नव्हते ते कुठंच नव्हते.

दुखण्याच्या गोळ्यांबद्दल मला जरा जास्तच बोलायचंय. मामा माळकरी. पूर्ण वारी झेपत नाही म्हणून दरवर्षी लोणंदला माउलींच्या पालखीत सामील होतात, चांदोबाच्या लिंबाजवळचं उभं रिंगण डोळे भरून बघायचं आणि तिथून पंढरपूरपर्यंत चालत. त्या दिवसांतले शेरे वाचताना माझ्या डोळ्यांपुढं सगळा रस्ताच उभा राहिला. दुपारचं ऊन, ओल्या धोतराचा आणि मातीचा वास, गुडघे सुजलेले, आणि तळावर औषधांचं टेबल लावून सेवा करणारी भली माणसं. "गुडघे दुखतात का माउली? घ्या." मूठभर गोळ्या कागदाच्या पुडीत. देणारा मनापासून देतो, घेणारा हात जोडून घेतो. शुगर आहे का, बीपीची गोळी चालू आहे का, किडनी कधी तपासली का, एवढ्या गर्दीत कोण कुणाला विचारणार. त्यात वाटेत लघवीला जायची पंचाईत म्हणून पाणी बेतानं प्यायचं. बायका तर दिवसदिवस घोटाघोटानं काढतात. म्हणजे शरीर कोरडं, त्यात डायक्लोफेनॅक, म्हणजे वहीतली ती दुखण्याची 'नवीन गोळी', आणि त्यात बीपीच्या गोळ्या.

हे एकत्र आलं की काय होतं ते मी मामांना त्यांच्याच भाषेत समजावलं, शेतकऱ्याच्या घरातले आहेत ते. किडनीत लाखो बारीक गाळण्या असतात, एकेका किडनीत साधारण १० लाख. प्रत्येक गाळणीत रक्त आत येतं एका नळीनं आणि बाहेर जातं दुसऱ्या नळीनं. शुगर वाढलेली राहिली की आत येणारी नळी सैल पडते आणि बाहेरची आवळलेली राहते. उसाला पाणी देताना पाटाचं तोंड मोठं सोडलं आणि शेवट दाबून धरला तर बांध कसा फुगतो, तसा गाळणीतला दाब वाढतो. सुरवातीला किडनी उलट जास्तच काम करते, म्हणून रिपोर्ट झकास. पण त्या दाबानं गाळणी विरते आणि अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन, जे रक्तातच राहायला पाहिजे, ते लघवीत उतरायला लागतं. तोच फेस. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल ही जी औषधं आपण 'बीपीची गोळी' म्हणून ओळखतो ती बाहेरची नळी सैल करतात, दाब उतरतो. म्हणजे ती बीपीबरोबर किडनीचीही गोळी आहे, आणि बीपी १२६/८० दिसतोय तो त्या गोळीमुळंच दिसतोय. लोसार्टन आणि इर्बेसार्टननं मधुमेह्यांची किडनी जास्त दिवस टिकते हे २००१ सालीच मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालंय. आणि दुखण्याची गोळी? ती आत येणारी नळीच आवळते. कधीमधी घेतली तर धडधाकट किडनी सोसून नेते. पण आधीच शुगरनं पोखरलेली किडनी, वर बीपीची गोळी, वर लघवी वाढवणारी गोळी, वर पाणी कमी, आणि त्यात ही रोज दोनदा, मग त्या गाळणीत रक्त पोचणार कसं?

मामा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "पण गोळी घेतली की बरं वाटायचं गं."

यावर काय बोलणार. दुखणं खोटं नव्हतंच. अंगावर काढा असं कोण कुणाला सांगेल. पॅरासिटामॉल योग्य प्रमाणात चालतं, शेक, तेल, मांड्यांचे व्यायाम, गुडघ्यावर लावायची मलमं (तीसुद्धा डॉक्टरांना विचारून), हे सगळं आहे, पण ते हळू लागू पडतं आणि त्यासाठी कुणीतरी बसून समजवावं लागतं. मेडिकलमध्ये एक लाल-पांढरी गोळी पाच मिनिटांत काम भागवते.

त्या रात्री झोप लागली नाही तेव्हा मला गिधाडं आठवली. आजोळच्या गावात माळाच्या पलीकडं मेलेलं जनावर टाकायची जागा होती. लहानपणी आम्हाला तिकडं जायला बंदी, म्हणून आम्ही हमखास जायचो. मामाच एकदा सायकलवर पुढं बसवून लांबून दाखवायला घेऊन गेलेले. लिंबावर पाठ वाकवून बसलेली ती भलीमोठी पाखरं, मानेला पिसं नाहीत, पंख पसरले की सावली जमिनीवरून सरकत जायची. मग कधीतरी ती दिसेनाशी झाली. का ते मला खूप नंतर कळलं. २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की गुराढोरांना दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक दिलं जायचं, ते जनावर मेलं की त्याचं मांस गिधाडं खायची, आणि त्यांच्या किडन्या निकामी व्हायच्या. मेलेल्या पक्ष्यांच्या आतड्या-काळजावर युरिक अ‍ॅसिडचा पांढरा थर सापडायचा. पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एखादं उरली. २००६ मध्ये सरकारनं जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद केलं. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, डॉक्टरनं बघून दिलेल्या चार दिवसांच्या गोळ्यांनी धडधाकट माणसाची किडनी सहसा जात नाही, उगाच घाबरवायचं नाहीये मला. पण ज्या औषधानं आभाळ रिकामं झालं तेच औषध वहीत 'उत्तम' म्हणून लिहिलेलं वाचलं की पोटात गोळा येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी बघत होते. मामा ओट्याशेजारी खुर्चीत बसून तंबाखू मळत होते. सवयीनं, हातातल्या हातात, अंगठ्यानं चुना घासत, मग दोन टाळ्या आणि चिमूट ओठाखाली. वह्यांमध्ये तंबाखूचा उल्लेख एकदाही नाही. कारण ती घरात सूर्य उगवण्याइतकी ठरलेली गोष्ट, तिची काय नोंद करायची. निकोटिननं नाडी आणि बीपी चढतो, विडी-सिगारेट ओढणाऱ्या मधुमेह्यांची किडनी न ओढणाऱ्यांपेक्षा लवकर उतरते. आणि जेवणात तीच गोष्ट मिठाची. मामींचा स्वयंपाक शुगरसाठी आदर्श, भाकरी, पालेभाजी, साखरेचा कण नाही. पण ताटात डाव्या बाजूला लोणचं, सांडगी मिरची, ठेचा, वर भाजलेला पापड, आणि चार वाजता खारे शेंगदाणे. "यात साखर नाही ना, मग चालतंय," मामी म्हणाल्या, आणि त्यांचं काय चुकलं, त्यांना वीस वर्षं सगळ्यांनी साखरेचंच सांगितलंय. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर मीठ, यावर पोट भरेल असा स्वयंपाक आपल्या घाटावर करून दाखवणं सोपं नाही. दादानं, म्हणजे मामांच्या मोठ्या मुलानं, मध्ये कुठंतरी वाचून 'लो सोडियम' मीठ आणलेलं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. किडनी धड असताना ते चांगलं, पण १६ वर आलेल्या किडनीला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही आणि ते रक्तात साठलं तर हृदय बंद पडू शकतं. तो पुडा मी उचलून बाजूला ठेवला. दुपारी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात शहाळं होतं, त्यातही पोटॅशियमच. मामींना ते पाहुण्यांनाच फोडून द्यायला लागलं, आणि ते देताना त्यांचा चेहरा असा झालेला की आपण काहीतरी अपमान करतोय कुणाचा.

पावडरीच्या डब्यावर घटक लिहिलेलेच नव्हते. आयुर्वेदाला मी नावं ठेवत नाही, आमच्या घरात आजी वैद्यांचंच औषध घ्यायची. पण ज्याच्यावर काय आहे तेच लिहिलेलं नाही, ज्यात कुठली भस्मं कशी घातलीत ते माहीत नाही, त्यात पारा, शिसं असू शकतं, आणि दोन्ही किडनीला मारक. किडनीच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, "काही चूर्ण, काढा, पुडी चालू आहे का?" आणि दुसरा, "पेनकिलर?" मला वाटतं ते रोज दिवसभर हेच दोन प्रश्न विचारत असतील.

त्या '१.४, वयामुळे' वर मी परत परत येतेय. कुणी म्हटलं असेल ते मला माहीत नाही आणि आता शोधूनही काही हशील नाही. पण क्रिएटिनिन हा फार उशिरा बोलणारा माणूस आहे, किडनीचं निम्मं काम गेलं तरी तो कधी कधी रेंजच्या आतबाहेरच घुटमळतो. मामांचं तेव्हाचं वय धरून हिशोब केला तर १.४ म्हणजे ईजीएफआर ५६ च्या आसपास. बायकांचं तर आणखी फसवं. साठीच्या बाईचं क्रिएटिनिन १.२ आलं तर ते बघून कुणी भुवई पण उंचावत नाही, पण तिचा ईजीएफआर जेमतेम ५२ भरतो. म्हणून मी आता समोरच्या प्रत्येक नातेवाइकाला सांगते की रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या खाली ईजीएफआर छापलाय का बघा, नसेल तर मागा.

आणि लघवी. साध्या युरिन रूटीनमध्ये आम्ही काय करतो, तर प्लास्टिकची बारीक पट्टी सॅम्पलमध्ये बुडवतो, कड टिश्यूला टेकवून जादाचं टिपतो, आणि मिनिटभर थांबतो. प्रोटीनचा चौकोन पिवळा राहिला तर 'निल', हिरवट झाला तर ट्रेस, मग वन प्लस, टू प्लस. पण ती पट्टी लिटरमागे दीड-दोनशे मिलिग्रॅमच्या आतलं अल्ब्युमिन पकडत नाही, आणि किडनीचा धोका त्याच्या खूप आधी सुरू झालेला असतो. त्या आधीच्या टप्प्यासाठी एसीआर, म्हणजे तेच अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण, ही वेगळी टेस्ट आहे, सकाळची पहिली लघवी असली तर बरं, नाहीतर कधीचीही चालते, काही शे रुपयांचं काम. ३० च्या आत ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली, ३०० च्या वर म्हणजे घाई करा. ताप असेल, लघवीचं इन्फेक्शन असेल, पाळी चालू असेल किंवा आदल्या दिवशी खूप व्यायाम झाला असेल तर खोटी जास्त येते, म्हणून एकदा वाढलेली आली तरी तीनेक महिन्यांत परत करून बघतात. टाइप टू असेल तर निदान झाल्या दिवसापासून दरवर्षी एकदा करायची असते. आमच्या लॅबमध्ये ती करायला येणारे थोडे. 'फुल बॉडी पॅकेज' म्हणून जे घाऊक विकलं जातं त्यात सत्तर-ऐंशी टेस्ट असतात, व्हिटॅमिन असतं, थायरॉइड असतं, एसीआर बऱ्याचदा नसते. मला याचा खरंच राग येतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्यावर ठिपके सांगितले त्याच दिवशी कुणी म्हटलं असतं की डोळ्यात दिसतंय तेच किडनीत होत असणार, लघवी तपासून या, तर मामांच्या हातात काही वर्षं जास्त आली असती.

सगळंच काही आपल्या हातात असतं असंही नाही. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आजूबाजूच्या गावांतल्या आया आणि बाळांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, आपल्याकडची बाळं वजनाला कमी पण आतून चरबीची असतात आणि पुढं शुगरला बळी पडतात हे त्यातून पुढं आलं. जन्मतः वजन कमी असलेल्या बाळाच्या किडनीत गाळण्याही कमी असतात. माझी आजी सांगायची, मामा झाले तेव्हा "मुठीएवढे" होते, सुपात ठेवलेले. म्हणजे काही जण ही शर्यत मागूनच सुरू करतात, कितीही फूटपट्टीनं रेघा मारल्या तरी.

मला सगळ्यात चुटपुट लागली ती औषधांची. गेल्या काही वर्षांत किडनीसाठी जे हातात आलंय ते आधी कधीच नव्हतं. कॅनाग्लिफ्लोझिनची चाचणी २०१९ मध्ये आली, डापाग्लिफ्लोझिनची २०२० मध्ये, मग एम्पाग्लिफ्लोझिन, फिनेरेनोन, आणि २०२४ मध्ये सेमाग्लुटाइड. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट आपल्याकडं २०२० मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ मध्ये, आणि किमती धाडकन उतरल्या, आता ती साध्या माणसाच्या खिशाला परवडतात. पण ती साधारण २० च्या वर ईजीएफआर असतानाच सुरू करतात. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, मान हलवली, आणि म्हणाले, यांच्या बाबतीत आता बीपी, रक्त, पोटॅशियम सांभाळू आणि डायलिसिसची तयारी करून ठेवू. मामांनी विचारलं, "ही औषधं तेव्हा होती का, मला १.४ आलं तेव्हा?" डॉक्टर हो म्हणाले. खोटं बोलले नाहीत, याबद्दल मला त्यांचा आदर वाटला, आणि तरी ते नसते बोलले तर बरं झालं असतं असंही वाटलं.

डाव्या हाताला फिस्टुला करून झालाय, म्हणजे डायलिसिससाठी शीर धमनीला जोडून ठेवलीय. मनगटाच्या वर शीर फुगलेली, हात ठेवला की आत गुरगुर लागते, रक्त जोरात वाहतंय त्याची. मामा ती रोज सकाळी तपासतात, त्या हाताला कुणाला सुई लावू देत नाहीत, बीपी बघू देत नाहीत, पिशवी पण उजव्या हातात. डायलिसिस अजून लागलेलं नाही, लागेल तेव्हा आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास. फुले योजनेत होतं ते, कागदपत्रं दादानं जमवून ठेवलीत. तंबाखू सुटलेली नाही पूर्ण, कमी झालीय. नवीन वहीत रकाने सात झालेत, बीपी सकाळ-संध्याकाळ, वजन, सूज. ईजीएफआर १५ वर रेंगाळतोय, आणि तो तिथं रेंगाळणं हीच आता आमच्या घरातली चांगली बातमी आहे.

दादाला स्वतःला चौतिसाव्या वर्षी शुगर निघालीय. इतकी वर्षं वडिलांचीच धावपळ केली पण स्वतःची लघवी कधी तपासली नव्हती. मी सॅम्पलची बाटली त्याच्या हातात देऊनच कराडहून निघाले होते. एसीआर ८६ आली. क्रिएटिनिन ०.९, एकदम झकास, पट्टीवर प्रोटीन निल. तो मला म्हणाला, "ताई, बाकी सगळं नॉर्मल आहे मग ही एकच का धरून बसायची?" मी त्याला काही बोलले नाही, मामांची दोन वह्यांमागची वही उघडून तो कोपरा फोटो काढून पाठवला. दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांकडं गेला. टेल्मिसार्टन सुरू झालं, डापाग्लिफ्लोझिन सुरू झालं, पंधरा दिवसांनी क्रिएटिनिन १.० आलं तेव्हा घाबरून फोन केला, त्याला सांगितलं की ही औषधं सुरू केल्यावर ते बऱ्याचदा थोडं वाढतं, दाब उतरल्याची खूण आहे, डॉक्टरांना दाखव पण मनानं गोळी थांबवू नकोस. आणि उलट्या-जुलाब लागले तर मात्र लगेच फोन कर त्यांना, तेव्हा यातल्या काही गोळ्या दोन-चार दिवस थांबवाव्या लागतात. परवाच्या तपासणीत एसीआर ४१ झालीय.

काल रात्री साडेनऊला त्याचा मेसेज आला, दाढ ठणकतेय, मेडिकलवाल्यानं ही गोळी दिलीय, घेऊ का, आणि खाली पाकिटाचा फोटो, उजेडात नीट धरून काढलेला, नाव वाचता येईल असा. डायक्लोफेनॅक होतं. मी लिहिलं, ही नको, आज पॅरासिटामॉल घे, उद्या दाढेवाल्याकडं जा आणि खुर्चीत बसायच्या आधी त्यांना शुगर आणि एसीआरचं सांग. त्यानं अंगठा पाठवला. मग थोड्या वेळानं परत मेसेज, "आणि आईची एसीआर कधी करायची? तिला पण शुगर बॉर्डरवर आहे, आणि ती पण गुडघ्याला हीच घेते." मी म्हटलं, रविवारी येतेय, बाटली घेऊनच येते.